सिगारेट सोडून व्हेपवर यावं का? सोलापुरात राहणाऱ्या नवख्यानं काय करायचं?

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. वय 41. कॉलेजपासून सिगारेट ओढतो. आता दिवसाला दहा-बारा होतात, मार्चअखेरीला पाकीट पुरत नाही. सकाळी उठलो की तोंड धुवायच्या आधी पहिली पेटते. गेल्या हिवाळ्यापासून जिना चढताना धाप लागते. मुलगी सातवीत आहे. तिला शाळेत तंबाखूवर प्रकल्प होता, तो तिनं मला दाखवलाच नाही, आईला दाखवला. तेव्हापासून ठरवलंय, सोडायची.

माझा मावसभाऊ इंग्लंडात असतो, गड्ड्याच्या जत्रेला आला होता. तो माझ्यापेक्षा जास्त ओढायचा. आता सिगारेट पूर्ण बंद, व्हेप म्हणजे ई-सिगारेट वापरतो. म्हणाला, "दादा, तू पण हेच कर, तिकडं तर सरकारी केंद्रातनंच देतात." भारतात चालत नाही म्हणून स्वतःचं मशीन तिकडंच ठेवून आला होता, इथं गम चघळत दिवस काढले.

इकडं ऑफिसातल्या एका पोरानं व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलाय. आंब्याचा स्वाद, पुदिन्याचा स्वाद, वर लिहिलंय "5000 पफ". म्हणतो शहरात मिळतं, फक्त ओळख लागते.

मला यातलं काहीच कळत नाही. व्हेप खरंच सिगारेटपेक्षा बरं का? सुरुवात कशी करतात, किती ताकदीचं घेतात? आणि इथं वापरलं तर पोलिसांची भानगड होते का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांना खरं माहिती आहे त्यांनी सांगा की. उपदेश घरात भरपूर मिळतो.

लीड्सकर

मूळचा जुळे सोलापूरचा, बरीच वर्षं इंग्लंडात आहे. तुमच्या मावसभावानं जे केलं तेच मीही केलं, म्हणून सविस्तर लिहितो.

इथं कौन्सिलचं धूम्रपान सोडवणारं केंद्र असतं, सेवा मोफत. पहिल्या भेटीत एका छोट्या यंत्रात फुंकायला लावतात. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड त्यावर आकड्यात दिसतो. सिगारेट न ओढणाऱ्याचा आकडा 10 च्या खाली येतो, माझा किती तरी वर होता. दोन आठवड्यांनी पुन्हा फुंकलो तेव्हा तो न ओढणाऱ्याइतका खाली आला होता. तो आकडा बघून मला जे वाटलं ते कुठल्याही व्याख्यानानं वाटलं नसतं.

मशीन अगदी साधं. बॅटरी, त्यावर बसणारा छोटा पॉड, पॉडमध्ये कापूस आणि तारेचं वेटोळं. द्रव कापसात मुरतो, तार तापते, वाफ होते. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन. जळत काही नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. सगळा फरक इथंच आहे.

सुरुवातीला मला 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा द्रव दिला. इथल्या कायद्यानं तीच कमाल मर्यादा. बाटली 10 मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही आणि टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. नवख्या लोकांना वाटतं कमी ताकदीनं सुरू करावं. जास्त ओढणाऱ्यानं तसं केलं की तलफ भागत नाही आणि तो पुन्हा टपरीवर जातो. ताकद नंतर सावकाश उतरवायची, महिन्यांच्या हिशेबानं.

ओढायची पद्धतही वेगळी. सिगारेटसारखा जोरात झुरका मारला की ठसका लागतो. हळू, लांब, आधी तोंडात आणि मग छातीत. नवा पॉड भरल्यावर कापूस भिजेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर जळका वास थेट घशात जातो. तोंड कोरडं पडतं, पाणी जवळ ठेवावं लागतं.

आणि केंद्रातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: जो सिगारेट ओढत नाही त्यानं हे हातात धरायचं नाही, आणि जो ओढतो त्यानं हे धरलं की सिगारेट पूर्ण सोडायची. दोन्ही चालू ठेवायचं असेल तर हे घेऊच नका.

हे सगळं इंग्लंडचं झालं. इथं प्रत्येक बाटलीची सरकारदरबारी नोंद असते, त्यात काय आहे ते कळवावं लागतं. सोलापुरात ओळखीनं मिळणाऱ्या डबीला यातलं काहीही लागू नाही. भावानं सांगितलेलं खरं आहे, पण ते त्याच्या गावचं खरं आहे.

रंगभवन

वकिली करतो. कायदा नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सअॅपवर याबद्दल फार चुकीचं फिरतं.

18 सप्टेंबर 2019 ला केंद्रानं अध्यादेश काढला, त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी. संपूर्ण मशीन असो की त्याचा सुटा भाग. निकोटीन असो वा नसो, व्याख्येत दोन्ही येतात. त्यामुळं "यात निकोटीन नाही साहेब, नुसता फ्लेवर आहे" हा बचाव चालत नाही. तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रं आणि ई-हुक्काही त्यातच.

पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नुसतं ओढण्यासाठी कायद्यात वेगळं शिक्षेचं कलम नाही, म्हणून लोक समजतात की वापर मोकळा आहे. पण ती वस्तू तुमच्या हातात आली कुठून? भावानं लंडनहून आणली तर आयात, पार्सलनं पाठवली तर आयात आणि वाहतूक. "स्वतःपुरतं आणलं" अशी सूट कायद्यात ठेवलेली नाही. तुम्ही नोकरदार माणूस, घरी मुलगी. या वाटेला जाऊ नका.

पार्क_चौपाटी

वकीलसाहेब, कायदा समजला. पण मला हे मनापासून खटकतं. जी वस्तू माणूस मारते हे सगळ्या जगाला माहिती आहे, ती कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला 2020 पासून बंदी आहे, तरी टपरीवर एक-एक मागा, मिळते. आणि जी त्यापेक्षा कमी घातक आहे असं इंग्लंडचं सरकार सांगतं, तिच्यासाठी कैद. माझे वडील सिगारेटनं गेले. त्यांच्यासमोर असा काही पर्याय असता तर? हा प्रश्न मला सोडत नाही.

चेस्ट_ओपीडी

छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, सोलापुरातच. @पार्क_चौपाटी, तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या व्यवसायातही यावर एकमत नाही. म्हणून जे पक्कं आहे तेवढंच लिहितो.

सिगारेटच्या धुरात सात हजारांच्या आसपास रसायनं असतात, त्यातली सत्तरएक कॅन्सरला कारण ठरतात. निकोटीन माणसाला बांधून ठेवतं, पण फुफ्फुसाची आणि रक्तवाहिन्यांची मुख्य नासधूस जळण्यातून होते. म्हणून जळणं बंद झालं की नुकसान कमी होणार, हे तर्काला धरून आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागानं 2015 साली व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे 95 टक्के कमी घातक असल्याचा अंदाज दिला होता. त्या आकड्यावर टीकाही खूप झाली, कारण वीस-तीस वर्षं व्हेप ओढलेली माणसं अजून आपल्यासमोर आलेलीच नाहीत.

सोडवायला उपयोग होतो का? इंग्लंडात 886 लोकांवर एक चाचणी झाली, 2019 साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना व्हेप दिलं, अर्ध्यांना निकोटीनचा चघळायचा गम, अंगाला चिकटवायच्या पट्ट्या वगैरे. दोन्हींना समुपदेशन होतंच. वर्षभरानं व्हेपवाल्यांतले 18 टक्के सिगारेटमुक्त होते, गम-पट्टीवाल्यांतले 9.9 टक्के. म्हणजे व्हेप जिंकलं. पण त्याच निबंधात पुढचा आकडा आहे, तो कुणी सांगत नाही. जे सुटले त्यांच्यातले 80 टक्के व्हेपवाले वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पट्टीवाल्यांत हे प्रमाण 9 टक्के होतं.

आता भारत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 28.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. एकूण प्रौढांपैकी 21.4 टक्के धूरविरहित, म्हणजे मावा, गुटखा, खैनी, मिश्री. ओढणारे 10.7 टक्के, काही जण दोन्ही करणारे. आपल्याकडच्या बहुसंख्य तंबाखूग्रस्तांना व्हेपचा काही उपयोगच नाही, आणि ज्या पोरानं कधी सिगारेटला हात लावला नाही त्याला आंब्याच्या स्वादाची डबी सहज चिकटते. बंदीमागचा एक मोठा विचार हाच होता. माझ्या ओपीडीत मला ती पोरं दिसतात, म्हणून मी बंदीच्या बाजूनं आहे. तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं. त्यांच्यासाठीही औषधं होती. ती त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली नाहीत, हे आमच्या क्षेत्राचं अपयश आहे.

मोटर_वाइंडिंग

मी डॉक्टर नाही, मोटारी आणि मशीनं दुरुस्त करतो. पण त्या "5000 पफ" वाल्या डबीबद्दल सांगू शकतो, कारण एक उघडून बघितलीय. पुतण्याच्या दप्तरात सापडली, वहिनीनं माझ्या हातात दिली.

वरचं प्लॅस्टिक चिमट्यानं काढलं. आत एक लिथियमचा सेल, मोबाईलच्या बॅटरीच्या जातीचा, पण त्यावर कंपनीचं नाव नाही, क्षमतेचा आकडा नाही. त्याला दोन बारीक वायरी, सोल्डर इतकं कच्चं की एक वायर बोट लावताच सुटली. संरक्षणाचं सर्किट मला तरी दिसलं नाही. मध्ये कापसाचा जाड बोळा, द्रवानं चिंब. मच्छर पळवायच्या लिक्विडच्या मशीनमध्ये कशी वात आणि हीटर असतो, तसंच काम. कापसाच्या मधोमध तार. तिच्याभोवतीचा कापूस काळा पडला होता, म्हणजे आत जळत होतं. द्रव बोटांना लागला, चिकट आणि गोडसर वासाचा. लगेच साबणानं हात धुतले.

बॉक्सवर "5%" लिहिलेलं. कुठं बनलं, कुणी बनवलं, बॅच नंबर, पत्ता, काही नाही. चीनमध्ये बनल्याचं सुद्धा नाही.

सिगारेट सोडायला म्हणून हे छातीत ओढायचं? सेल फुगला तर खिशात पेटेल, आणि तक्रार कुणाकडं करणार?

लीड्सकर

@मोटर_वाइंडिंग, तो 5 टक्के आकडा फार महत्त्वाचा. 5 टक्के म्हणजे 50 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. इथल्या कमाल मर्यादेच्या अडीचपट. त्यात हे निकोटीन सॉल्टच्या रूपात असतं, घशाला टोचत नाही, म्हणून किती गेलं ते कळत नाही. सिगारेट तरी एक संपली की विझते. ही डबी संपतच नाही, माणूस दिवसभर तोंडात धरून बसतो. आणि एकदा वापरून फेकायच्या अशा डब्या 1 जून 2025 पासून इथंही विकायला बंदी आहे.

चेस्ट_ओपीडी

यात एक भर. अमेरिकेत 2019 साली व्हेप ओढणाऱ्यांना अचानक फुफ्फुसाचा गंभीर आजार व्हायला लागला. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यातले 68 मृत्यू. तपासाअंती मुख्य संशय विटामिन ई अॅसिटेटवर आला. गांजाचा अर्क असलेल्या द्रवात ते भेसळ म्हणून मिसळलं होतं, आणि तो माल बहुतेक अनधिकृत मार्गानं आलेला होता. दुकानातल्या निकोटीनच्या बाटलीशी याचा थेट संबंध सिद्ध झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण सोलापुरात मिळणारा सगळाच माल अनधिकृत आहे. आत काय आहे हे मी रुग्णाला सांगू शकत नाही, विकणाराही सांगू शकत नाही.

हॉस्टेलवाला

मी इथं पहिल्यांदाच लिहितोय. वय 20, घर सोलापूर, शिक्षण पुण्यात. मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. रूमवर एकानं व्हेप आणलं, परीक्षेच्या रात्री सगळे ओढायचे, मीही ओढलं. आता रात्री झोपेतून उठून ओढतो. लेक्चरमध्ये हात थरथरतो. सुट्टीत घरी येतो तेव्हा आईला कळू नये म्हणून गच्चीवर जातो. मला हे थांबवायचं आहे आणि कुणाला विचारायची सोय नाही. काका लोकांनो, सिगारेट सोडायला हे घेऊ नका, एवढंच सांगायला आलो होतो.

विडी_घरकुल

बाळा, तू लिहिलंस ते फार चांगलं केलंस. आईला सांग. आई रागावेल, पण ती तुझ्यासोबत डॉक्टरकडं येईल.

माझी आई आणि आजी दोघींनी विड्या वळल्या. सकाळी सूप मांडीवर घेऊन बसायच्या, तेंदूपान कात्रीनं कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा. हजार विडी झाल्याशिवाय उठायचं नाही. घरात पाऊल ठेवलं की त्या जर्द्याच्या भुकटीनं खोकला यायचा. त्या दोघींनी कधी विडी ओढली नाही, तरी आजीचा दमा शेवटपर्यंत गेला नाही. सोलापुरात हजारो बायकांचं घर याच कामावर चाललंय, त्यांना दुसरं काम मिळाल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. पण तो वेगळा धागा होईल.

मला इथं सांगायचंय ते असं की आमच्याकडं पुरुष सिगारेट परवडत नाही म्हणून विडीवर येतात, आणि वर म्हणतात, पानाचीच तर आहे, कागद नाही. डॉक्टर, यावर जरा लिहा.

चेस्ट_ओपीडी

ताई, बरं झालं विचारलंत. विडीत तंबाखू कमी भरलेली असते, पण पानातून हवा नीट जात नाही, ती सारखी विझते, म्हणून माणूस जास्त वेळा आणि जास्त जोरात ओढतो. निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड, काहीच कमी मिळत नाही. सिगारेटवरून विडीवर येण्यात आरोग्याचा फायदा शून्य.

तसंच "कमी केली"चं. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या विसावा हिस्सा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो साधारण निम्मा असतो. म्हणून थोडं व्हेप आणि थोड्या सिगारेटी यातून हृदयाला फार काही मिळत नाही. पूर्ण थांबायचं.

@हॉस्टेलवाला, तुझं व्यसन निकोटीनचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. सुट्टीत आलास की छातीच्या किंवा मानसोपचाराच्या ओपीडीला ये. तोवर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनला फोन कर, 1800-11-2356, मोफत आहे. मराठीतून बोलता येतं.

@अक्कलकोट_रोड, आता तुमचं. मावसभावानं व्हेपमधून जे मिळवलं, म्हणजे धुराशिवाय निकोटीन आणि मग निकोटीनही सावकाश कमी, ते भारतात कायदेशीररीत्या मिळतं. गम आणि पट्टी. तुम्ही उठल्याउठल्या ओढता, म्हणजे अवलंबन जास्त आहे. नुसत्या मनाच्या निर्धारावर सोडू नका. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला साधारण 21 मिलिग्रॅमच्या पट्टीनं सुरुवात करतात. ती सहा आठवडे, मग 14 ची दोन आठवडे, मग 7 ची दोन आठवडे. पट्टी दिवसभर संथपणे निकोटीन देते, अचानक आलेल्या तलफेला गम. दोन्ही एकत्र वापरलेलं एकट्या कशापेक्षाही चांगलं चालतं. तिसरा मार्ग व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्यांचा. त्या सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी कमी डोसनं सुरू करतात आणि बारा आठवडे घेतात, पण किडनी आणि इतर औषधं बघून डॉक्टरनंच द्यायच्या. बीपी आणि ईसीजी बघून घ्या, 41 व्या वर्षी धाप लागतेय तर फुफ्फुसाची फुंकायची तपासणीही करा. सिव्हिलला केसपेपर काढताना तंबाखू सोडायची आहे असं सांगा, योग्य ओपीडीला पाठवतील.

मेडिकलवाला

दुकानावरून सांगतो. 2 मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली ओढणाऱ्याला 4 चा लागतो, तुम्ही त्यात बसता.

दहातले आठ गिऱ्हाईक गम चुकीचा खातात आणि मग येऊन म्हणतात, काही उपयोग नाही, उलट उचक्या लागल्या. हा च्युइंगगम नाही. सावकाश चावायचा, तोंडात तिखटपणा किंवा मुंग्या आल्या की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. निकोटीन गालातून रक्तात जातं, पोटातून नाही. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचा, दुसऱ्या गालात ठेवायचा. असा अर्धा तास. भराभर चावून लाळ गिळली की उचकी, जळजळ, मळमळ. आणि गम घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक काही नाही. तोंड आंबट असलं की निकोटीन शोषलंच जात नाही. आपल्याकडं चहाबरोबरच तलफ येते, म्हणून चहा, मग पंधरा मिनिटं, मग गम.

पट्टी लावायची ती अंघोळ करून, अंग पूर्ण कोरडं करून. दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या जागी. तेल नाही, पावडर नाही. तळहातानं दहा सेकंद दाबून धरा. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये घामानं पट्टी सुटते, म्हणून सकाळी एसी-पंख्याखाली बसून लावा आणि रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढली तरी चालते. काढलेली पट्टी आत दुमडून लहान पोरांच्या हाताला लागणार नाही अशी टाका, तिच्यात निकोटीन उरलेलं असतं.

ज्यांचं माव्यानं तोंड उघडायचं कमी झालंय त्यांनी गम घेऊ नये, चावताच येत नाही. पट्टी घ्या आणि तोंड डॉक्टरला दाखवा.

पार्क_चौपाटी

डॉक्टर, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. बंदीबद्दल माझं मत अजून वेगळं आहे. मला वाटतं सिगारेटही तेवढ्याच कडकपणे आवळायला हवी, तोवर हा न्याय अर्धा आहे. पण त्या डबीच्या आत काय निघालं ते वाचल्यावर कुणाला "घे" म्हणणार नाही.

अक्कलकोट_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्यापैकी एकानंही मला शहाणपण शिकवलं नाही, माहिती दिली, त्यामुळं हलकं वाटलं. मावसभावालाही धागा पाठवला. तो म्हणाला, मशीन पाठवत नाही, फोन मात्र रोज करतो.

सिव्हिलला जाऊन आलो. फुंकायच्या तपासणीत थोडा अडथळा निघाला, अजून परत येण्याजोगा आहे म्हणाले. पट्टी आणि 4 चा गम सुरू झालाय. सिगारेट बंद आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, सोडल्यापासून खोकला वाढलाय आणि पोट साफ होत नाही. दुसरं, ऑफिसात नेहमीएवढाच चहा पितो, पण छाती धडधडते आणि रात्री झोप नाही. पट्टी जास्त होतेय का? जीएसटीचं रिटर्न भरायच्या दिवसांत तर फारच चिडचिड झाली, जुनी पाकिटं ठेवायचा ड्रॉवर उघडून बसलो होतो.

चेस्ट_ओपीडी

खोकला वाढणं हे बहुतेक वेळा बरं होण्याचंच लक्षण. श्वासनलिकेतले बारीक केस धुरानं निपचित झालेले असतात, ते पुन्हा काम करू लागले की साचलेला कफ वर ढकलतात. काही आठवड्यांत कमी होतो. रक्त पडलं किंवा ताप आला तर मात्र लगेच दाखवा. पोटाचंही निकोटीन कमी झाल्यानं होतं. पाणी, ताक, भाकरी, पालेभाजी वाढवा.

चहाचं कारण वेगळं आहे. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळं यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. धूर बंद झाला की तो वेग उतरतो, आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. पट्टीत धूर नाही, त्यामुळं पट्टी लावली तरी हा बदल होतोच. चहा अर्ध्यावर आणा, संध्याकाळी पाचनंतर बंद. धडधड तरीही राहिली तर पट्टीचा डोस बघू. याच कारणानं दम्याची थिओफिलिन किंवा मानसिक आजाराची काही औषधं घेणाऱ्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरला सांगायलाच हवं, त्यांचा डोस बदलावा लागतो.

चिडचिड पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, मग तीन-चार आठवड्यांत उतरते. एकेक तलफ पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ खुर्चीतून उठा, गार पाणी प्या, कारखान्याला एक फेरी मारा, मावसभावाला फोन लावा. तो ड्रॉवर घरच्या कुणाला तरी रिकामा करायला सांगा. चुकून एखादी ओढली गेलीच तर पट्टी काढून टाकू नका, पुढची सिगारेट टाळा आणि पट्टी तशीच चालू ठेवा.

विडी_घरकुल

भाऊ, ड्रॉवर मुलीला रिकामा करू द्या. आणि तिचा प्रकल्प मागून घ्या, बघा.

हॉस्टेलवाला

आईला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली सोमवारी जाऊ. क्विटलाइनलाही फोन लावला, त्या मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं आणि पुन्हा फोन करतो म्हणाल्या, केलाही. डॉक्टर, येताना ती डबी आणू का?

चेस्ट_ओपीडी

शाबास. डबी आणू नकोस, बॉक्सवर किती टक्के लिहिलंय ते लिहून आण आणि एक किती दिवसांत संपते ते सांग, म्हणजे डोस ठरवता येईल. दहाच्या आधी या, गर्दी कमी असते.

अक्कलकोट_रोड

चहा अर्ध्यावर आणला, झोप लागायला लागली. ड्रॉवरमध्ये आता चलनांच्या फायली आहेत. डॉक्टर, बरं वाटतंय म्हणून आत्ताच 14 च्या पट्टीवर आलो तर चालेल का?

चेस्ट_ओपीडी

नाही. 21 चे सहा आठवडे पूर्ण होऊ द्या. बरं वाटतंय ते पट्टीमुळं. बहुतेक लोक इथंच घाई करतात आणि महिनाभरात परत ओढायला लागतात. सहा आठवडे झाले की दाखवायला या, फुंकायची तपासणी पुन्हा करू आणि मग 14 ची लिहून देतो.